हो, इंजिनं मीच उघडली

प्रिय भिंगरे,

तुझा निरोप मिळाला. दादाच्या इंजिनांना हात लावू नकोस, असा. पण उशीर झाला गं. हात लावून झालाय, उघडून झालीयत, आतल्या तारा तोडून झाल्यात, आणि दोन इंजिनांच्या मागच्या कोळशाच्या डब्यांना मी स्वतः भोकं पाडलीयत. दादाच्या आगगाडी-क्लबच्या चिटणिसांनी तुला फोनवर जे जे सांगितलं ते सगळं खरं आहे. उलट त्यांनी कमीच सांगितलं असेल, कारण तिसऱ्या इंजिनाचं त्यांना अजून कळलेलं नाही. तेव्हा आधी नीट बूड टेकून बस, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच फोन उचलू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आयुष्यभर शाळा चालवलेल्या बाईपुढे माझीही जीभ टाळ्याला चिकटते. कागदावर तरी मला सलग बोलू दे. मी तुझी मैत्रीण आधी आणि वहिनी नंतर, असं तूच जगाला सांगत आलीस. आजच्या दिवस ते मनावर घे.

ती इंजिनं मला परकी नाहीत. शाळा सुटली की आपण दोघी तुझ्या घरी यायचो आणि दप्तरं फेकून मागच्या खोलीत शिरायचो. तुझ्या वडिलांनी खोलीभर फळ्या टाकून त्यावर छोट्या आगगाडीचे रूळ ठोकले होते. कुठून कुठून जमवलेली ती ओतीव धातूची जड इंजिनं, हाताला तेलाचा वास, आणि त्यांच्यापुढे तो काळी मूठ असलेला लोखंडी डबा. मूठ फिरवली की रुळांत वीज जायची आणि रुळांवर असतील तेवढी सगळी इंजिनं एकदमच पळत सुटायची. एखाद्याला थांबवायचं तर त्याच्याखालच्या रुळाची वीज भिंतीवरच्या खटक्याने तोडावी लागायची. एक हात मुठीवर, दुसरा खटक्यांवर, शिवाय सतत उभं राहून इकडून तिकडे. ही कसरत आधी तुझ्या वडिलांनी केली, मग तुझ्या दादाने. तुला मिळाला हिरवा झेंडा आणि मला बोगद्याशी घसरलेले डबे उचलायचं काम. आपण कुरकुर केली नाही, कारण मूठ मागायची असते हेच आपल्याला ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात दाढी करता करता तो बेसिनपाशी कोसळला, हे मी तुला सांगायला नको. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि सगळी भाषा जाऊन एक शब्द उरला. "हो." चहा हवा का? हो. नको का? हो. दुखतंय का? हो. बरं वाटतंय? हो. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा बोलायचा भागच दुखावलाय, आत विचार शाबूत असेल पण बाहेर येताना वाट चुकतो. तू आलीस, त्याचा हात हातात घेऊन बसलीस आणि विचारलंस की दादा, माझ्या गावी चांगलं शुश्रूषा केंद्र आहे, मी रोज येऊन बसेन, येशील ना? तो "हो" म्हणाला. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि परतल्याबरोबर तू तिथली खाट राखून ठेवलीस. मी तेव्हा गप्प बसले, आणि तू त्याचा अर्थ संमती असा घेतलास. खरी गोष्ट अशी की तू स्टेशनवर गेल्यावर मी त्याच्याजवळ बसले आणि विचारलं की घरीच राहायचंय ना रे? तो म्हणाला, "हो." दोघींच्या पदरात एकच शब्द. तुझा खरा की माझा, कुणाला विचारायचं?

त्यातच एके दिवशी चिटणीस आले. येताना ती पितळी पाटी घेऊन आले. तू आणि त्यांनी मिळून ठरवलं होतं म्हणे, क्लबच्या खोलीत काचेचं कपाट करायचं, सगळी इंजिनं आहेत तशी मांडायची, कारण एवढी जुनी आणि एकदाही न उघडलेली इंजिनं आता कुणाकडे राहिलेली नाहीत. मला ते वाईट वाटलं नाही. मग त्यांनी पाटी कागदातून सोडवली. तुझ्या दादाचं नाव, आणि त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ'. मी पाटीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. ते चपापले, पण सावरून म्हणाले की वहिनी, आज ना उद्या बदलावीच लागेल, एकदाच कोरून घेतलेली बरी. पलीकडच्या खोलीतून तुझ्या दादाच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी एवढंच म्हणाले, "तो आत बसलाय. ही पाटी त्याला दाखवून या, मग इंजिनं न्या." ते आत गेले नाहीत. पाटी पुन्हा कागदात गुंडाळली आणि चहा न पिताच निघाले. त्या दिवसापासून मी बिघडले असं तू समज.

पण बिघडून करायचं काय, ते मला त्याला व्यायाम द्यायला येते त्या मुलीने सुचवलं. ती त्याच्या डाव्या हातात रबरी चेंडू द्यायची आणि दाबायला सांगायची. हा चेंडू खाटेखाली फेकून द्यायचा आणि "हो" म्हणायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, ह्यांचे हात आजवर काय करत होते ते तरी सांगा. मी चाकाची खुर्ची ढकलत त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि फळीवरची धूळ पुसली. त्याने डावा हात पुढे केला, मूठ पकडली, फिरवली. तुला आठवत असेल, ती जुनी इंजिनं हळू निघतच नाहीत. आधी ढिम्म, मग कुणी चिमटा काढल्यासारखी उसळतात. काळं इंजिन उसळलं, वळणावर भिंतीवरच्या खटक्याची गरज होती, आणि त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला. तो त्या हाताकडे बघत राहिला. इंजिन रुळावरून उडून फरशीवर आपटलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दिवसभर कुणाकडे बघितलं नाही, जेवला नाही. त्या मुलीला रडू फुटलं. मला मात्र राग आला. त्याचा नाही आणि दैवाचाही नाही. त्या मुठीचा आला. माणूस दोन हातांचा असेल तरच आम्ही चालणार, असं सांगणारी ही कोण लागून गेली?

आमच्या दातांच्या लॅबच्या खालच्या मजल्यावर श्रवणयंत्रं दुरुस्त करणारी बाई बसते. मी वर कवळ्या घडवत होते तेव्हापासून आमचा डबा एकत्र. तिला जाऊन सगळं सांगितलं. तिने तिच्या पद्धतीने शोधाशोध केली आणि मला समजावलं की आता रूळ कायम विजेखाली ठेवतात आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी बसवतात. तिला डिकोडर म्हणतात. प्रत्येक पट्टीला आपला नंबर. हातातल्या छोट्या यंत्रावर नंबर दाबला की फक्त तेच इंजिन ऐकतं, बाकीची आपापल्या जागी उभी राहतात. भिंतीवरचे खटके नकोत, उभं राहणं नको. मांडीवर यंत्र ठेवायचं आणि एका अंगठ्याने चालवायचं. मी विचारलं, डाव्या अंगठ्याने? ती म्हणाली, अंगठा डावा की उजवा हे त्या पट्टीला कुठे कळतंय.

अडचण एवढीच की आपली इंजिनं तुझ्यामाझ्या वयाची. नव्या इंजिनांत पट्टीसाठी जागा सोडलेली असते. जुन्यांत अख्खा सांगाडाच वीज वाहून नेतो आणि मोटरचं एक टोक थेट त्या सांगाड्याला टेकलेलं असतं. ते टोक वेगळं केल्याशिवाय पट्टी जोडली तर ती जळते. हे त्या बाईने मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. आणि तरीही पहिल्या इंजिनात मी ते अर्धवट केलं. वीज दिली, एक बारीकसा फुस्स आवाज आला, जळक्या केसांसारखा वास खोलीभर पसरला. पट्टी गेली. तुझा दादा खुर्चीत बसून बघत होता. मला वाटलं, झालं, आता हा पुन्हा तोंड फिरवणार. तर तो हसला गं. कोसळल्यापासून पहिल्यांदा. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसला, आणि जळक्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "हो." माझी फजिती झालेली बघायला त्याला आयुष्यभर आवडत आलंय, तुला माहीत आहे.

मग मी खुंटा हलवून बळकट केला. दातांच्या कामातली माझी बारीक हत्यारं काढली. मोटर सोडवून तिला वीज पोचवणारे कार्बनचे इवलेसे ब्रश बाहेर घेतले, त्यांच्यामागच्या एका स्प्रिंगवर नळीचं आवरण चढवलं, सांगाड्याला ती कुठे टेकत नाही ना हे दहादा तपासलं. थकलेली लोहचुंबकं बदलली. इंजिनाच्या पोटात पट्टी मावेना, म्हणून ती मागच्या कोळशाच्या डब्यात बसवली आणि तारा पुढे न्यायला डब्याला भोक पाडलं. ते पाडण्याआधी मी दोनदा हत्यार खाली ठेवलं हे कबूल करते. पन्नासएक वर्षं कुणी ओरखडा उठू दिला नव्हता. नंतर पुन्हा येऊन बघून गेलेले चिटणीस म्हणतात त्याप्रमाणे भोक पडलं की वस्तूची किंमत गेली. असेल. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात बसवण्यासाठी दात घडवले. काचेच्या कपाटात ठेवायची कवळी मी कधी बनवली नाही.

ज्या दुपारी काळं इंजिन तयार झालं, त्या दुपारी मी यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि अंगठा त्यावरच्या वेगाच्या चकतीवर टेकवून दिला. इंजिन निघालं तेव्हा मला आधी कळलंच नाही. ते उसळलं नाही. मुंगीच्या चालीने सरकायला लागलं. तुझ्या वडिलांच्या हातूनही ते इतकं हळू कधी निघालं नव्हतं. बोगद्यातून गेलं, बाहेर आलं, स्टेशनात येऊन बरोबर फलाटाच्या टोकाला थांबलं. व्यायामवाली टाळ्या वाजवायला लागली. तुझ्या दादाने मात्र माझ्याकडे रागाने बघितलं आणि चकती पूर्ण फिरवून दाखवली. इंजिन आपलं त्याच संथ चालीने. कारण मी शहाणपणा केला होता. पुन्हा उडून पडू नये म्हणून वेगाला आधीच वेसण घालून ठेवली होती. ह्या नव्या पद्धतीत तसं करता येतं. त्याने यंत्र माझ्या दिशेने सरकवलं आणि हात मागे घेतला. त्याला न विचारता त्याच्यासाठी ठरवणारी मी तिसरी निघाले, तू एक, चिटणीस दुसरे. मी वेसण काढून टाकली. पुढच्या फेरीत इंजिन वळणावर उडून पडलं. मी उचललं. त्याने पुन्हा पाडलं. मी पुन्हा उचललं. संध्याकाळपर्यंत त्याला वळणाचा अंदाज आला.

आणि इथून पुढचं नीट वाच, भिंगरे, कारण एवढं सगळं ह्याच्यासाठी लिहिलंय. एके दिवशी बराच वेळ झाला म्हणून मी विचारलं, दमलास का, आता बंद करू या? तो म्हणाला "हो", आणि अंगठ्याने दुसरं इंजिन सुरू केलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा विचारलं. "हो", आणि इंजिन आणखी जोरात. तोंड एक सांगत होतं आणि अंगठा भलतंच. व्यायामवालीला सांगितलं तर ती म्हणाली, आपण हे पडताळून बघू, पण ज्यांची उत्तरं आपल्याला ठाऊक आहेत असेच प्रश्न आधी विचारायचे. आम्ही त्याला सांगितलं की बरोबर असेल तर इंजिन पुढे ने, चूक असेल तर मागे. चहात मीठ घालू? तोंडाने "हो", इंजिन मागे. तुझी बहीण मुख्याध्यापिका होती? इंजिन पुढे. तुझं लग्न माझ्याशी झालंय? पुढे. आज पाऊस पडतोय? तो खिडकीकडे बघून मागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात शब्द उलटेसुलटे करून विचारलं. एखाद्या वेळी अंगठा घसरायचा, पण तो लगेच स्वतःच दुरुस्त करायचा. एकदा मी विचारलं की तुझी बहीण कधी चुकते का. त्याने इंजिन एवढ्या जोरात पुढे नेलं की ते फळीवरून खाली आलं.

मग मी तो प्रश्न विचारला. व्यायामवाली बाजूला बसली होती आणि श्रवणयंत्रवाली बाईसुद्धा मुद्दाम आली होती, उद्या तू म्हणशील की मी मनाचं घातलं, म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं. तुझ्या गावचं केंद्र, तिथली स्वच्छ खोली, चोवीस तास माणसं, तू रोज येणार हेही. काही कमी करून सांगितलं नाही, तुझी शप्पथ. मग विचारलं, "तिथे जायचंय तुला?" तो "हो" म्हणाला आणि इंजिन मागे गेलं. फलाट सोडून, बोगद्यातून, पार मागच्या भिंतीपर्यंत. मी थांबून पुन्हा विचारलं, "इथेच राहायचंय?" ते तिथून निघालं आणि सगळी फेरी पूर्ण करून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मग मला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटला, तो खरं तर विचारायला नको होता. मी म्हणाले, मला तुझा भार होतो असं वाटतं का तुला? तो "हो" म्हणाला नाही. इंजिन पुढे गेलं नाही, मागेही गेलं नाही. अंगठा चकतीवर तसाच. त्या दोघी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी त्याच्या खुर्चीशी खाली बसले आणि म्हणाले की अरे, मागणी मी घातली होती, निरोप घेऊन तुझी बहीण आली होती, तुझ्याकडून कुणी काही मागितलंच नव्हतं. मी तेव्हा स्वतःहून आले, आताही स्वतःहून आहे. भार असेल तर आहे. ओझ्याला वजन असतंच, पण ते टाकायचं की नाही हे ज्याच्या खांद्यावर आहे त्याने ठरवायचं असतं. ऐकताना तो रडला, मीही रडले, आणि मग आम्ही दोघांनी चहा घेतला. साखरेचा.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तुला वाटेल. पण हे पत्र माझं नाहीच. रविवारी तू केंद्राची गाडी घेऊन येणार हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने डाव्या हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं. मी विचारलं, भिंगरीला लिहू? इंजिन पुढे. तुझ्या वतीने लिहू? पुढे. मग मी जसजशी लिहीत गेले तसतसं त्याला वाचून दाखवलं, आणि जिथे जिथे त्याने इंजिन मागे नेलं ते मी फाडून पुन्हा लिहिलं. चिटणिसांना मी एके ठिकाणी गाढव म्हटलं होतं, ते त्याने काढायला लावलं. तू त्याच्यावर प्रेम करतेस म्हणून हे सगळं केलंस, असं मी लिहिलं तेव्हा इंजिन थांबलं, आणि मला वाटलं आता मागे जाणार, पण ते पुढे आलं. तेव्हा खाट रिकामी कर, ती ज्याला हवी आहे त्याला मिळू दे. गाडी आणू नकोस, तू ये, आणि राहायच्या तयारीने ये. उरलेली इंजिनं अजून उघडायची आहेत आणि माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि खाली माझ्या नावाशेजारी जी वेडीवाकडी रेघ दिसते आहे, ती शाई सांडलेली नाही. पहिल्यांदाच डाव्या हाताने केलेली सही आहे ती. त्याने कागद स्वतः ओढून घेतला.

तुझीच,
वहिनी